शेतात पिकलेलं मासळीचं तेल

जवसाची चटणी खाल्ली की ओमेगा-३ मिळतं, हे आता घरोघरी ठाऊक आहे. पुढची गोष्ट मात्र चटणीच्या बरणीवर लिहिलेली नसते. जवसात असतं ते १८ कार्बनच्या साखळीचं आम्ल. मेंदूला, डोळ्यांना, हृदयाला हवी असतात ती २० आणि २२ कार्बनची, म्हणजे ईपीए आणि डीएचए. साखळी लांबवायचं काम आपलं शरीर करतं, पण अगदी चालढकल करत. जवसातल्या आम्लाचा जेमतेम थोडा भाग ईपीएपर्यंत पोचतो आणि डीएचएपर्यंत तर नावापुरताच. बांगड्यात, तारलीत दोन्ही तयार मिळतात. पण मासाही ती स्वतः फारशी बनवत नाही. बनवतं ते समुद्रातलं सूक्ष्म शैवाल. मासा नुसता साठवतो. मग शैवालाचं हे कसब एखाद्या तेलबियेलाच का शिकवू नये?

या ध्यासाचं मूळ ग्रीनलंडमध्ये आहे. १९७० च्या आसपास बँग आणि डायरबर्ग हे दोन डॅनिश संशोधक तिथल्या इन्युइट लोकांच्या रक्ताचे नमुने घेऊन आले. मुख्यतः सील आणि मासे खाणाऱ्यांना हृदयविकार कमी कसा, याचं उत्तर त्यांना या आम्लांत दिसलं. त्यांनी रक्त तपासलं होतं, हृदयं नव्हे. हृदयविकार कमी असल्याचा आधार सरकारी नोंदींचा होता, आणि त्या नोंदी कितपत पक्क्या, हा प्रश्न २०१४ मध्ये कॅनडातल्या हृदयरोगतज्ज्ञांनी नीट उभा केला. तोवर मासळीच्या तेलाच्या कॅप्सूल जगभर पोचल्या होत्या.

वनस्पतीतलं पहिलं ठळक यश २००४ चं. ब्रिस्टलच्या गटाने अ‍ॅरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपट्यात ईपीए बनवून दाखवलं. त्याच वर्षी हाम्बुर्गच्या गटाने जवसातच प्रयोग केला आणि गाडी कुठे अडते ते शोधून काढलं. मला तरी या सगळ्या प्रवासातलं हे सर्वांत महत्त्वाचं पाऊल वाटतं, जरी ते अपयशाचं होतं. साखळीत दुहेरी बंध घालणारं एन्झाइम एका खोलीत काम करतं आणि साखळी लांबवणारं दुसऱ्या खोलीत. पहिल्याचा माल पेशीच्या पटलातल्या मेदाला चिकटलेला, दुसऱ्याला तो कोएन्झाइम-ए या रेणूला बांधलेला हवा. मधल्या दारातून माल सरकेना, आणि बियांत अर्धवट तयार झालेल्या आम्लांचा ढीग साचला.

तोडगा सापडला ऑस्ट्रिओकोकस टॉरी या शैवालात. फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावरच्या एका खाऱ्या सरोवरात मिळालेला हा जीव एक मायक्रॉनहूनही लहान. त्याचं बंध घालणारं एन्झाइम दुसऱ्याच खोलीत बसून काम करतं, त्यामुळे दाराचा प्रश्नच उरत नाही. २००५ मध्ये कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी वेगळ्या जनुकांची मोट बांधून मोहरीत, आपल्या फोडणीतल्याच जातीच्या मोहरीत, १५ टक्क्यांपर्यंत ईपीए आणलं. डीएचए मात्र भरघोस काही हाती लागेना.

ते जमलं इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडला, १८४३ पासून चालू असलेल्या शेती संशोधन संस्थेत. जोनाथन नेपियर आणि सहकाऱ्यांनी कॅमेलिना हे युरोपातलं जुनं, मागे पडलेलं तेलबियांचं पीक निवडलं. मोहरीच्या कुळातलं, पिवळ्या फुलांचं, बारीक बियांचं. त्याच्या फुलांना जिवाणूंच्या द्रावणात बुचकळलं की काही बियांत नवी जनुकं उतरतात; टिश्यू कल्चरचा खटाटोप नाही. या जनुकांची यादी वाचताना मौज वाटते. एक त्या इवल्या शैवालाचं, एक मॉसचं, आणि एक चक्क बटाट्यावर करपा आणणाऱ्या रोगजंतूचं. आयर्लंडमध्ये दुष्काळ आणणाऱ्या जिवाकडून ओमेगा-६ चं ओमेगा-३ करणारं एन्झाइम उसनं घेतलं! २०१४ साली त्यांनी जाहीर केलं ते सात जनुकांचं पीक: तेलात १२ टक्क्यांपर्यंत ईपीए आणि १४ टक्क्यांपर्यंत डीएचए. हे प्रमाण मासळीच्या तेलाच्या तोडीचं. त्याच वर्षी ते शेतात पेरलंही गेलं. ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या सुरिंदर सिंग, जेम्स पेट्री यांच्या गटाने डीएचएवर भर देत कॅनोला हे तेलबियांचं पीक धरलं. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाने आणि अमेरिकेने त्याच्या लागवडीला परवानगी दिली.

योगायोग पाहा, त्याच २०१८ मध्ये अमेरिकेतल्या २५,८७१ जणांवरच्या चाचणीचे निकाल आले. रोज एक ग्रॅम मासळीचं तेल घेणारे आणि न घेणारे, यांच्यात हृदयाचे झटके, पक्षाघात आणि हृदयरोगाने मृत्यू या एकत्रित हिशोबात ठळक फरक नव्हता. ग्रीनलंडची कहाणी बरीच फिकी पडली.

पण गिऱ्हाईक तोवर दुसरंच उभं राहिलं होतं: पिंजऱ्यातला सामन मासा. मासळीच्या तेलाचा मोठा वाटा माणसाच्या नव्हे, मत्स्यशेतीच्या तोंडी जातो. तेल अपुरं पडलं तसं खाद्यात वनस्पती तेल वाढत गेलं, आणि २००६ ते २०१५ या काळात स्कॉटलंडच्या पाळीव सामनमधलं ईपीए-डीएचए जवळपास निम्म्यावर आलं, असं स्टर्लिंग विद्यापीठाने दाखवलं. त्याच विद्यापीठात कॅमेलिनाचं तेल सामनला खाऊ घालून पाहिलं गेलं आणि ते चाललं.

एक खटका राहिलाच. २०१६ मध्ये कॅनडात कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराच्या अळ्यांना ईपीए-डीएचए मिसळलेलं खाद्य दिलं, तर फुलपाखरं जड निघाली आणि त्यांच्या पंखांत व्यंगं जास्त आढळली. ही आम्लं जमिनीवरच्या कीटकांच्या पानावर सहसा येतच नाहीत. प्रयोग कृत्रिम खाद्यावरचा होता, उभ्या पिकातला नव्हे. तरी शेतात काय सांडतं याची विचारपूस व्हायला हवी, एवढं त्याने पटवलं.

२०२३ मध्ये समुद्र तापवणाऱ्या एल निन्योमुळे पेरूने, ज्यापासून हे तेल काढतात त्या अँचोव्ही मासळीचा पहिला हंगाम रद्द केला आणि मासळीच्या तेलाचे भाव भडकले. शेतातल्या तेलाची निकड तेव्हा कुणाला समजावून सांगावी लागली नाही. अमेरिकेत मोंटानामधल्या पिवळ्या फुलांच्या कॅनोलाच्या शेतांतून निघालेलं हे तेल आता सामनच्या खाद्यात जातं. मासे न मारता माणसाला मासळीचं तेल द्यायचं म्हणून बेत रचला होता. पंगतीला पहिला बसला तो मासाच.