नाशिकचा कांदा आणि झाशीचा काटा

झाशीच्या सदर बाजारात संध्याकाळी चाटच्या गाड्या लागतात. टिक्कीवर भुरभुरायला चिरलेल्या कांद्याची परात बाजूलाच असते. तो कांदा नाशिकचाच असेल असं नाही. मध्य प्रदेशातही कांदा भरपूर पिकतो. पण समजा तो लासलगावहून आला आहे. मग तो चांदवडला मुंबई-आग्रा रस्त्याला लागला असणार, मालेगाव, धुळे, शिरपूर करत हाडाखेडला महाराष्ट्राच्या बाहेर पडला असणार, आणि इंदूर, गुना, शिवपुरी असा लांबचा मध्य प्रदेश ओलांडून करैरा-दिनाराच्या पुढे उत्तर प्रदेशात शिरला असणार. तीन राज्यं. ट्रकमध्ये किती पोती घालायची हे लासलगावला ठरतं, पण ते मान्य व्हावं लागतं तिन्ही ठिकाणी.

मराठी माणसाला झाशी म्हटलं की किल्ला आणि नेवाळकरांची सून आठवते. ट्रकवाल्याला झाशी म्हणजे फुली. श्रीनगर ते कन्याकुमारी हा 44 क्रमांकाचा महामार्ग आणि पोरबंदर ते सिल्चर हा 27 क्रमांकाचा, दोन्ही इथे एकमेकांना छेदतात. शिवाय जिल्ह्याचा आकार असा की उत्तर प्रदेशाचं हे टोक मध्य प्रदेशाच्या कुशीत घुसलेलं आहे. ग्वाल्हेरहून सागरला निघालेली गाडी दतिया सोडून उत्तर प्रदेशात येते, झाशी-ललितपूर करून पुन्हा मध्य प्रदेशात जाते. म्हणजे एकाच राज्यातल्या दोन शहरांमधला प्रवास, आणि मध्ये दुसऱ्या राज्याची पाचर.

युरोपातही अशी एक पाचर होती, आणि तिथला खेळ पाहिला की आपला नीट कळतो. जर्मनीतून इटलीला जाणाऱ्या मालाला आल्प्स ओलांडायचा तर स्वित्झर्लंड मध्ये येतो. जर्मनीत 40 टनांची गाडी चालायची, इटलीत 44 टनांची. स्वित्झर्लंडमध्ये मात्र 2000 साल संपेपर्यंत मर्यादा होती 28 टन. एवढी रिकामी गाडी परवडत नसे, म्हणून कितीतरी माल लांबचा वळसा घालून ऑस्ट्रियातल्या ब्रेनर घाटाने किंवा फ्रान्समधून जायचा. स्विसांनी 2001 मध्ये मर्यादा 34 टनांवर नेली, 2005 मध्ये 40 वर. पण सोबत जड गाड्यांवर वजन आणि अंतर यांच्या हिशोबाने करही बसवला. रस्ता देतो, पण फुकट नाही.

युरोपीय संघाचा 1996 चा नियम आहे. देशादेशांमध्ये ये-जा करणाऱ्या नेहमीच्या पाच ॲक्सलच्या गाडीला तो 40 टनांची हमी देतो. स्वतःच्या हद्दीत कोणी जास्त चालवू दिलं तर त्याला आडकाठी नाही. म्हणून संघात असतानाही ब्रिटनमध्ये सहा ॲक्सलवर 44, नेदरलँड्समध्ये 50, आणि फिनलंडमध्ये 2013 पासून थेट 76 टन. हा आकडा ऐकून आपल्याकडचा आरटीओ दचकेल. पण फिनलंडची ती गाडी नऊ ॲक्सलची असते. 76 ला नऊने भागा: ॲक्सलमागे साडेआठ टनांच्याही आत. आपल्याकडच्या साध्या सहा चाकी ट्रकच्या एकट्या मागच्या ॲक्सलला साडेअकरा टनांची मुभा आहे. रस्त्याच्या दृष्टीने जड कोण?

रस्त्याला गाडीचं एकूण वजन कळतच नाही. त्याला कळतो तो एकेक ॲक्सल, चाकाखालच्या छोट्याशा जागेवरून जाणारा दाब. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ 1958 ते 1960 अशी दोन वर्षं मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक गोल गोल फिरवले गेले. त्यातून जो नियम निघाला तो जगभरचे रस्ते-अभियंते आजही ढोबळ मानाने वापरतात: नुकसान ॲक्सलच्या वजनाच्या चौथ्या घाताने वाढतं. वजन दुप्पट झालं तर रस्त्याची झीज दुप्पट नाही, सोळा पट.

हाच नियम घेऊन आपल्या 2018 च्या बदलाकडे बघू. त्याआधीची मर्यादा 1996 च्या अधिसूचनेतली होती: चार टायरच्या एका ॲक्सलला 10.2 टन. जुलै 2018 मध्ये केंद्राने ती 11.5 केली. जोड ॲक्सल 19 वरून 21 वर गेला, पुढचा दोन टायरचा 6 वरून 7 वर, आणि सगळ्यात मोठ्या गाडीची कमाल 49 वरून 55 टनांवर. कागदावर वाढ तेरा टक्क्यांच्या आसपास दिसते. पण 11.5 भागिले 10.2, त्याचा चौथा घात, म्हणजे 1.6. त्या ॲक्सलच्या एका फेरीत रस्त्याची झीज साठ टक्क्यांनी वाढली. आता माल जास्त जातो तर फेऱ्याही कमी होतात, हे खरं. तरी साठ टक्के भरून निघत नाहीत. निर्णय चूक होता असं मी म्हणत नाही. गाडी पूर्वीही तेवढीच भरली जात होती, फक्त चोरून.

पुलाचं गणित वेगळं. पुलाला ॲक्सलबरोबर एकूण वजनही कळतं, आणि ते किती लांबीवर पसरलंय हेही. म्हणूनच 55 टनांची मुभा लांब ट्रेलरला मिळते, आखूड डंपरला नाही.

आता आपला कांदा. समजा गाडी दहा चाकी आहे: पुढे दोन टायर, मागे जोड ॲक्सलवर आठ. पुढे 7, मागे 21, मिळून 28 टन. रिकामी गाडी 10 टनांची धरली तर माल 18 टन. याला ट्रकवाले ‘पासिंग’ म्हणतात, आणि पासिंगमध्ये बसलेल्या गाडीला उत्तरेत ‘अंडरलोड’ म्हणतात. या शब्दाची मला गंमत वाटते. नियमात भरलेली गाडी ही बिचारी ‘कमी भरलेली’! पन्नास किलोचं पोतं धरलं तर 18 टन म्हणजे 360 पोती. व्यापारी म्हणतो, भाडं तेच, अजून शंभर टाक. पाच टन वाढले. पाटे मजबूत करून घेतलेले असतात, गाडी कुरकुर करत नाही. पण तो सगळा भार बहुतेक मागेच बसतो: 21 च्या जागी 26. चौथ्या घाताने मागच्या जोडीची झीज 2.35 पट.

पकडायचं कसं? काट्यावर. मराठीत वजनकाटा, बुंदेलखंडात धर्मकाँटा. गाडी लोखंडी पाटावर चढते, ड्रायव्हर-क्लीनर खाली उतरतात, आतल्या खोलीत आकडा स्थिरावेपर्यंत थांबायचं, आणि मग चिठ्ठी निघते: भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ. एकदा रिकामी गाडी तोलायची, एकदा भरलेली. रिकामं वजन तोलताना डिझेलची टाकी किती भरलेली आहे, ताडपत्री आणि दोर गाडीत आहेत की नाहीत, यावरून लोक तासभर वाद घालू शकतात. या चिठ्ठीतली खरी खोट मात्र वेगळी आहे. ती एकूण वजन सांगते, ॲक्सलचं नाही. सगळी पोती मागे सरकवून रचली तर 28 टनांची गाडी चिठ्ठीवर निर्दोष आणि मागच्या जोडीवर गुन्हेगार. टोलनाक्यावर चालत्या गाडीचं वजन घेणारे काटे बसवले जातात ते एकेका ॲक्सलखालून मोजतात, म्हणून ते जास्त शहाणे.

झाशीभोवतीच्या खडीचा आणि बेतवेच्या वाळूचा घोटाळा आणखी निराळा. उत्तर प्रदेशात खाणीचा परवाना वाळू मोजतो घनमीटरमध्ये, आरटीओ मोजतो टनांत. नदीतून नुकती काढलेली वाळू निथळायच्या आत भरली तर घनमीटर तेवढेच राहतात आणि टन वाढतात. एकाच गाडीचा एक कागद बरोबर, दुसरा चूक.

युरोपात मर्यादा देशागणिक वेगळी आणि ती पाळली जाते. आपल्याकडे ॲक्सलची मर्यादा देशभर एकच. राज्यागणिक बदलायची ती पाळायची पद्धत. काही राज्यांनी तर पूर्वी पैसे भरून घेऊन जादा वजनाची कार्डं आणि टोकनंच दिली होती. या राज्यात टोकन चालायचं, पुढच्या राज्यात तेच वजन गुन्हा. नोव्हेंबर 2005 मध्ये परमजीत भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे बंद केलं: दंड भरला म्हणून जादा माल घेऊन पुढे जाता येत नाही, तो उतरवावाच लागेल. सप्टेंबर 2019 पासून दंडही बदलला. पूर्वी 2,000 रुपये आणि जादा प्रत्येक टनाला 1,000. आता 20,000 आणि टनाला 2,000. आपल्या कांद्याच्या गाडीला 30,000 रुपये, शिवाय शंभर पोती रस्त्याकडेला. उन्हात उतरवलेल्या कांद्याचं काय होतं ते लासलगावकरांना सांगायला नको. मध्य प्रदेशाने 1 जुलै 2024 पासून सीमेवरचे परिवहन नाके बंद केले आणि फिरत्या तपासणीवर भर दिला. नाका कुठे आहे हे ड्रायव्हरला पाठ असायचं. फिरती गाडी कुठे उभी असेल ते पाठ करता येत नाही.

एवढं करून कांदा झाशीच्या मंडईत उतरतो. सदर बाजारात तो मोठ्या ट्रकने येत नाही, ‘छोटा हत्ती’ नावाच्या छोट्या टेम्पोने येतो. त्या गाडीचं पासिंग साडेसातशे किलो, म्हणजे पंधरा पोती. हमाल मोजत बसत नाही, बावीस टाकतो, आणि ड्रायव्हर म्हणतो, “दो किलोमीटर तो जाना है, भैया.” मागचे टायर बसतात, पुढची चाकं हलकी होतात, वळणावर स्टिअरिंग पोकळ लागतं. रस्त्याला मात्र यातलं काही जाणवत नाही. आपल्याकडे रस्त्याची जाडी ठरवताना जो 8.16 टनांचा ॲक्सल धरतात, त्याच्या एका फेरीइतकी झीज करायला एक टनाच्या ॲक्सलला चार हजारांवर फेऱ्या माराव्या लागतील.