विजेविना चालणारा रेडिओ

बॅटरी नाही, वीजजोडणी नाही, तरीही रेडिओ ऐकू येतो, ही गोष्ट प्रथमदर्शनी नवलाची वाटते. परंतु १९४४ साली, दुसऱ्या महायुद्धात, इटलीतील अँझिओ येथील खंदकांत दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांनी असे संच स्वतः तयार केले होते. दाढीचे जुने पाते, शिसपेन्सिलीचा तुकडा, सेफ्टी पिन, तारेचे वेटोळे आणि हेडफोन एवढेच साहित्य त्यास पुरले.

उंच ताणलेली तार रेडिओकेंद्राच्या लहरी ग्रहण करते. वेटोळ्यामुळे हवे ते केंद्र निवडता येते. तारेतील प्रवाह मात्र सेकंदाला लक्षावधी वेळा दिशा बदलतो; त्यापासून थेट आवाज उमटत नाही. पात्यावरील ऑक्साइडचा थर व पेन्सिलीचे टोक यांचा सांधा तो प्रवाह मुख्यतः एकाच दिशेने जाऊ देतो आणि शब्द ऐकू येतात. या कामी गॅलेना या खनिजाचा स्फटिकही चालतो. त्याच्या अशा उपयोगाचे अमेरिकी पेटंट जगदीशचंद्र बोस यांना १९०४ साली मिळाले.

लागणारी सर्व शक्ती लहरींतूनच मिळते. त्यामुळे आवाज क्षीण असतो. पण संच स्वतः लहरी सोडत नसल्याने शत्रूला त्याचा सुगावा लागत नसे.

मध्यम लहरींचे केंद्र जवळ असल्यास शाळेत हा प्रयोग करता येईल. पात्याऐवजी जर्मेनियम डायोड वापरणे सोयीचे ठरते. मात्र विद्युतवाहिन्यांजवळ तार ताणू नये; विजा चमकत असताना संच हाताळणे प्राणघातक ठरू शकते, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आधीच बजावून सांगावे.