वाढीव अश्वशक्तीचा जमाखर्च

कापड घेताना गिऱ्हाईक ते बोटांत चोळून पाहते, आंबा घेताना नाकाशी नेते. भांडे घरी नेल्यावर चार दिवसांत त्याची प्रत कळते. परंतु काही माल असा असतो की, घेण्यापूर्वी तर नाहीच, पण वापरून झाल्यावरही त्याचा खरेखोटेपणा ग्राहकाला नीटसा उमगत नाही. मोटारीची दुरुस्ती किंवा डॉक्टरांचा सल्ला ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. डार्बी आणि कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली या मालाचे वेगळे वर्गीकरण केले. त्यास 'विश्वासाचा माल' म्हणता येईल. अमेरिकेत गेल्या पाव शतकात या वर्गात एका नव्या वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे टर्बो इंजिनाच्या वेगवान मोटारीसाठी विकली जाणारी संगणकाची 'ट्यून'.

टर्बो हे तसे जुनेच यंत्र. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली त्याचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंच्या जोरावर एक चक्र फिरते आणि ते इंजिनात अधिक हवा दाबून भरते. अधिक हवा म्हणजे अधिक पेट्रोल जाळण्याची सोय आणि पर्यायाने अधिक शक्ती. हवा किती दाबावी, पेट्रोल किती सोडावे आणि ठिणगी नेमकी केव्हा टाकावी, हे आजच्या मोटारीत संगणक ठरवितो. त्याच्या स्मृतीत आकड्यांची कोष्टके असतात. ट्यून म्हणजे ही कोष्टके बदलणे. सुबारूची डब्ल्यूआरएक्स ही मोटार २००२च्या मॉडेलपासून अमेरिकेत मिळू लागली. तिच्या दोन लिटरच्या इंजिनाची शक्ती होती २२७ अश्वशक्ती. ही गाडी सामान्य नोकरदार तरुणाच्याही आवाक्यातली असल्यामुळे तिच्याभोवती ट्यून विकणाऱ्यांचा एक व्यवसायच उभा राहिला. काहीशे डॉलरचे हातात मावणारे उपकरण गाडीला जोडावे आणि थोड्या वेळात कोष्टके बदलावीत. पाना हाती न धरता शक्ती वाढते. मग मोह कोणाला होणार नाही?

राखीव निधीवर हात

येथेच पहिला प्रश्न उभा राहतो. कारखान्यातील अभियंत्यांना ही शक्ती दिसली नव्हती काय? अर्थातच दिसली होती. परंतु त्यांना एक गाडी नव्हे, तर लाखो गाड्या विकावयाच्या असतात. त्यांपैकी कोणती वाळवंटातील उन्हात चढ चढेल, कोणीत मालक हलके पेट्रोल भरील आणि कोणती महिनोन्महिने तेल न बदलता पळविली जाईल, हे त्यांना ठाऊक नसते. म्हणून ते शक्तीचा काही भाग मुद्दाम शिल्लक ठेवतात. ही शिल्लक म्हणजे बँकेने अडीअडचणीसाठी राखलेला निधी होय. ट्यून विकणारा नवी शक्ती निर्माण करीत नाही. बहुतांशी तो या राखीव निधीतूनच उचल करून देतो.

या निधीची गरज काय, हे १९६२ साली अमेरिकेतच दिसून आले होते. ओल्डस्मोबिल जेटफायर ही टर्बो बसविलेल्या पहिल्या प्रवासी मोटारींपैकी एक. दाबलेली हवा तापते आणि सिलिंडरमधील मिश्रण ठिणगीची ज्योत पोहोचण्यापूर्वीच जागच्या जागी भडकते. इंजिन ठोके देऊ लागते. यालाच 'नॉकिंग' म्हणतात. जोराच्या ठोक्यांनी पिस्टनच्या कड्यांजवळचा भाग तडकतो आणि इंजिन निकामी होते. ते टाळण्यासाठी जेटफायरमध्ये पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण इंजिनात सोडण्याची योजना होती. पण त्याची टाकी वेळोवेळी भरण्याचे काम मालकावर सोपविले होते. पुष्कळांनी ती भरलीच नाही. टाकी रिकामी झाली की यंत्रणा दाब कमी करी आणि मालक शक्ती गेल्याची तक्रार घेऊन येई. दोन वर्षांत दहा हजारांहून कमी गाड्या तयार झाल्या आणि अनेकांनी पुढे टर्बोच काढून टाकला. यंत्र हुशार असून भागत नाही, ते वापरणाऱ्या माणसाच्या सवयींचाही हिशेब धरावा लागतो, हा त्याचा धडा. आज ठोके ऐकणारे संवेदक ठिणगीची वेळ आपोआप मागे घेतात. तथापि हा शेवटचा पहारेकरी आहे. रोज त्यालाच धावावयास लावणारी ट्यून चांगली म्हणता येणार नाही.

तयार कपडा आणि मापाचा कपडा

ग्राहकापुढे साधारणतः तीन पर्याय असतात. पहिला तयार ट्यूनचा. तो दुकानात टांगलेल्या सदऱ्यासारखा असतो, अनेकांना बसेल अशा बेताने शिवलेला. दुसरा पत्रव्यवहाराने होणाऱ्या ट्यूनचा. मालक गाडी चालवून नोंदी पाठवितो आणि दूरचा तज्ज्ञ त्या पाहून सुधारित कोष्टके धाडतो. तिसरा पर्याय डायनोवरचा. तेथे गाडी लोखंडी रुळांवर जागच्या जागी पळवून तज्ज्ञ तिचे माप समक्ष घेतो. पहिला स्वस्त, तिसरा महाग. पण महाग तेच चांगले असे समीकरण येथे लागू पडत नाही. ज्या गाडीला वेगळे सुटे भाग बसविलेलेच नाहीत, तिला विचारपूर्वक केलेली सौम्य तयार ट्यून पुरेशी होते. उलट सुटे भाग बदललेल्या गाडीला दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालणे म्हणजे संकटाला आमंत्रण.

अडचण अशी की, निवड करावयाची तरी कशाच्या आधारे? जाहिरातीत 'स्टेज एक', 'स्टेज दोन' असे शब्द असतात, पण त्यांमागे कोणतेही सर्वमान्य प्रमाणचिन्ह नाही. एकाची स्टेज दोन ही दुसऱ्याच्या स्टेज एकइतकीच असू शकते. अश्वशक्तीचा आकडाही तसाच फसवा. दोन बनावटींचे डायनो त्याच गाडीला भिन्न आकडे देतात. शिवाय इंधन जागोजागी बदलते. कॅलिफोर्नियात उच्च प्रतीचे पेट्रोल सामान्यतः ९१ ऑक्टेनचे, तर पूर्वेकडील अनेक राज्यांत ९३चे मिळते. सुमारे १६०० मीटर उंचीवरील डेन्व्हरमध्ये हवाच विरळ, त्यामुळे तोच दाब गाठण्यासाठी टर्बोला अधिक वेगाने फिरावे लागते. म्हणून सुज्ञ ग्राहकाने कमाल अश्वशक्ती किती, हे शेवटी विचारावे. आपल्या नेहमीच्या पंपावरील पेट्रोलसाठी ही ट्यून आहे काय? पूर्ण जोरात ठोक्यांची आणि हवा-पेट्रोलाच्या प्रमाणाची नोंद काय सांगते? आरंभी इंजिनाची प्रकृती तपासली होती काय? हे प्रश्न आधी यावेत. ज्या विक्रेत्याला त्यांचा राग येतो, त्याची ट्यून न घेणे बरे.

नुकसान कोणाच्या खाती?

ट्यून घेणारा मालक आपली जोखीम आपण घेतो, मग इतरांचे काय जाते, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. तो वरवर पटणारा असला तरी पूर्ण खरा नाही. इंजिन फुटले की अनेकांना वॉरंटीची आठवण होते. १९७५च्या अमेरिकी कायद्यानुसार केवळ बाहेरचा भाग बसविला एवढ्यावरून कंपनीला सर्व वॉरंटी नाकारता येत नाही. पण बिघाड त्या बदलामुळेच झाला असेल, तर ती दाद लागू देत नाही. मग काहीशे डॉलरच्या सौद्यापोटी हजारो डॉलरच्या इंजिनाचा खर्च अंगावर येतो. काही जण मूळ कोष्टके परत भरून गाडी विकून मोकळे होतात. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर निबंध लिहिला आणि २००१ साली ते नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. विकणाऱ्याला दोष ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. त्यामुळे प्रामाणिक विक्रेताही त्याच संशयाने भरडला जातो, हे त्यांनी दाखविले. राखीव निधी उधळून झालेली आणि कोष्टके पूर्ववत केलेली गाडी हे त्या निबंधाचे जिवंत उदाहरण होय.

दुसरा घाटा त्याहून मोठा, कारण तो ज्यांनी सौदा केलाच नाही त्यांच्या पदरी पडतो. जोर वाढविण्यासाठी काही ट्यूनसोबत धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकले जाते आणि संगणकाची तक्रार कोष्टकातूनच बंद केली जाते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२० साली डिझेल ट्रकांविषयी अहवाल दिला. दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक ट्रकांतील शुद्धीकरण यंत्रणा निकामी केल्या गेल्याचा त्यात अंदाज होता. पेट्रोलवरील मोटारींचा हिशेब वेगळा असला तरी वृत्ती तीच. २०२४ साली टेक्सासमधील एका नामांकित ट्यूनिंग कंपनीने सरकारशी तडजोड करून सुमारे २९ लाख डॉलरचा दंड मान्य केला. कॅलिफोर्नियात जुलै २०२१पासून धूर-तपासणीच्या वेळी संगणकातील कोष्टके मूळची किंवा मान्यताप्राप्त आहेत काय, हेही पाहिले जाते. याचा अर्थ सर्वच ट्यून निषिद्ध आहेत असा नव्हे. चाचणी देऊन त्या राज्याची मान्यता मिळविलेल्या ट्यूनही आहेत. त्यांचा आकडा थोडा कमी असतो, कारण त्यांत इतरांच्या फुप्फुसांचा खर्च आधीच वजा केलेला असतो.

हा विषय केवळ परदेशी शौकिनांचा राहिलेला नाही. टर्बो पेट्रोल इंजिने आता भारतातील साध्या मोटारींतही येतात आणि त्यांची कोष्टके बदलून देणारेही आहेत. येथील ग्राहकाने एक गोष्ट ध्यानी ठेवावी. अमेरिकेतील पंपावरचा ऑक्टेनचा आकडा दोन पद्धतींची सरासरी असतो, भारतातील आकडा त्यांपैकी एकाच पद्धतीचा. अमेरिकेतील ९१ हे येथील सुमारे ९५-९६च्या बरोबरीचे. तिकडची '९१ची ट्यून' इकडच्या ९१च्या पेट्रोलवर चालविणे म्हणजे इंजिन स्वहस्ते जुगारात लावणे होय. शिवाय उभ्या गाडीची पीयूसी तपासणी भर वेगातला धूर दाखवीत नाही. प्रमाणपत्र हाती असले म्हणजे हवा शुद्ध राहिली, असे मानता येत नाही.

शक्तीची आवड हा गुन्हा नव्हे. प्रश्न फक्त हिशेबाचा आहे. चांगली ट्यून किती निधी काढला आणि किती शिल्लक ठेवला, हे उघड्या नोंदींनी सांगते. वाईट ट्यून केवळ जमेची बाजू छापते. खर्चाची बाजू मग इंजिनाच्या, पुढच्या खरेदीदाराच्या आणि शेजाऱ्याच्या खात्यावर परस्पर लिहिली जाते. तेव्हा ट्यून निवडणाऱ्याने अश्वशक्तीच्या आकड्याआधी ही दुसरी बाजू मागून घ्यावी, आणि ती मिळाली नाही तर पैसे खिशातच ठेवावेत.