फोन आईचा, हात मुलांचे

मुलांच्या इंटरनेट-सुरक्षेच्या बहुतेक सूचना मुलाकडे स्वतःचा फोन आहे असं धरून दिलेल्या असतात. आपल्याकडे तिसरी-चौथीतलं मूल आईचा नाहीतर आजोबांचा फोन मागून घेतं. त्याच फोनवर बँकेचे ओटीपी येतात, यूपीआय असतं आणि शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुपही.

वय कुणाचं?

इन्स्टाग्रामवर खातं उघडायला किमान 13 वर्षं पूर्ण लागतात. अठराच्या आतल्यांसाठी जास्त बंधनांची ‘टीन अकाउंट’ही आहेत. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालच्यांची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती घ्यायला सांगितलंय. पण मूल आईच्या खात्यातून आत शिरलं, की यातलं काहीच त्याच्या वाट्याला येत नाही. कंपनीच्या लेखी फोन बघतेय ती चाळिशीतली बाई.

आधी फोनचा बंदोबस्त

घरात जुना फोन पडून असेल तर त्यावर मुलाच्या खऱ्या वयाचं गुगल खातं उघडून ते ‘फॅमिली लिंक’ने आपल्या खात्याला जोडावं. कुठलं ॲप घ्यायचं, किती वेळ बघायचं, हे मग आपल्या हातात राहतं. फोन एकच असेल तर बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये ॲप ‘पिन’ करण्याची सोय असते. अनपिन करताना पिन विचारण्याचा पर्याय चालू करून यूट्यूब किड्स पिन करून दिलं, की फोनचा पिन टाकल्याशिवाय मुलाला त्यातून बाहेर पडता येत नाही. प्ले स्टोअरवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायला लावा. आणि आजोबांचा पिन 1234 असेल तर बदलाच. नातवंडांना तो केव्हाच पाठ झालेला असतो.

गेममधला दादा

फसवणारा माणूस चॅटमध्ये आल्या आल्या घाणेरडं बोलत नाही. तो आधी खेळायला मदत करतो, फुकट डायमंड देतो म्हणतो. मग विचारतो, शाळा कुठली? फोन कुणाचा? आई ऑफिसला जाते का? पुढे ‘व्हॉट्सॲपवर ये’, ‘फोटो पाठव’, आणि हमखास येणारं वाक्य, ‘घरी सांगू नकोस’. ‘अनोळखी माणसाशी बोलू नको’ एवढं सांगून इथे भागत नाही. पंधरा दिवस रोज सोबत खेळणारा मुलाला अनोळखी वाटतच नाही. त्यापेक्षा ही विचारपूस ज्या क्रमाने होते तो क्रमच मुलांना सांगावा. ती फार लवकर ओळखतात.

सांगितलं तर काय होईल?

बहुतेक मुलं गप्प बसतात ती फोन जाईल या भीतीने. धमकावणाऱ्यालाही हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून कबूल करणाऱ्या मुलाचा फोन त्याच दिवशी काढून घेणं मला सगळ्यात घातक वाटतं. पुढच्या वेळी ते सांगणारच नाही.

घडलंच तर

रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका. स्क्रीनशॉट काढा, समोरच्याच्या प्रोफाइलची लिंक जपून ठेवा, मग ब्लॉक करा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 ला फोन लावा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणं अवघड. फोटोवरून धमकी असेल तर पैसे देऊ नका. मुलांच्या मदतीसाठी 1098 आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांच्या लैंगिक शोषणाच्या मजकुराची तक्रार नाव न देताही करता येते, आणि 2012 च्या पॉक्सो कायद्याखाली पोलिसांकडे जाता येतं.