सात नऊंचा कस

सराफाने कसोटीच्या दगडावर रेघ ओढली की सोन्याचा कस शेकड्यात कळतो. ज्या धातूंचा व्यवहार ‘फाइव्ह एन’, ‘सेव्हन एन’ अशा बोलीत चालतो, तिथे तो दगड थिटा पडतो. फाइव्ह एन म्हणजे ९९.९९९ टक्के, सेव्हन एन म्हणजे ९९.९९९९९ टक्के शुद्ध. उरलेल्या कणभर भागात लोह किती, सोडियम किती, युरेनियम किती, याचा वेगवेगळा हिशेब द्यावा लागतो. तो देणाऱ्या यंत्रांत ग्लो डिस्चार्ज मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे जीडीएमएस, मला सर्वांत भरवशाचं वाटतं.

एवढी काटेकोर मोजणी हवी कशाला? मेमरी चिपमधले बिट अधूनमधून आपोआप उलटत. १९७८ साली इंटेलमधल्या टिमथी मे आणि मरे वुड्स यांनी त्याचं कारण दाखवून दिलं: चिपच्या वेष्टनातलं अत्यल्प युरेनियम-थोरियम आणि त्यातून सुटणारे अल्फा कण. चिपवर थर द्यायच्या अतिशुद्ध अ‍ॅल्युमिनियममध्येही युरेनियम-थोरियमवर म्हणूनच कडक मर्यादा असते आणि मोजणी अब्जांशांत करावी लागते. एक अब्जांश म्हणजे हजार टन धातूत एक ग्रॅम.

नेहमीची रीत अशी की धातू आम्लात विरघळवायचा आणि आयसीपी-एमएस या द्रावण तपासणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरला द्यायचा. पण आम्लातलं लोह, भांड्यातलं सोडियम, हवेतली धूळ हे सगळं नमुन्याच्या नावावर चढतं. शिवाय द्रावण बरंच पातळ करावं लागतं, त्यामुळे आधीच क्षीण असलेला संकेत आणखी क्षीण होतो.

जीडीएमएसला धातू घन रूपातच चालतो. बारीक काडीसारखा कापलेला नमुना आम्लाने धुऊन ऋणाग्र म्हणून बसवतात. भोवती कमी दाबाचा आर्गॉन असतो. सुमारे हजार व्होल्टचा विद्युतदाब दिला की आर्गॉनचे आयन नमुन्यावर आदळून एकेक अणू उडवतात, त्यांचे आयन बनतात आणि चुंबकीय क्षेत्र त्यांना वजनाप्रमाणे निवडतं. पहिली काही मिनिटं पडद्यावर बघण्यासारखी असतात. सोडियम, कॅल्शियम, लोह यांचे आकडे चढे असतात आणि हळूहळू उतरत जातात. कापताना, हाताळताना लागलेला मळ खरवडला जात असतो. आकडे उतरायचे थांबले की मगच नोंद घ्यायची. इथे घाई केली तर निकाल नमुन्याचा नसतो, हातमोज्यांचा असतो.

अडचणी आहेतच. आर्गॉन आणि ऑक्सिजन जोडले गेले की त्यांचं वस्तुमान ५५.९५७, लोहाचं ५५.९३५, दोन्ही वेगळे दिसायला चांगली विभेदनक्षमता लागते. संदर्भ नमुने दुर्मीळ असल्यामुळे पुष्कळदा प्रमाणित संवेदनगुणांकांवर भागवावं लागतं, आणि मग उत्तर दुपटीनेही चुकू शकतं.

आपल्याकडे सी-मेट या संस्थेची एक प्रयोगशाळा पुण्यात आहे. अतिशुद्ध धातूंचं काम संस्थेच्या हैदराबाद शाखेत चालतं. पदार्थांचे घटक तपासणारं भाभा अणुसंशोधन केंद्राचं राष्ट्रीय केंद्रही त्याच शहरात आहे. शुद्ध करणारे आणि तपासणारे असे जवळ असणं फार मोलाचं आहे.

‘सेव्हन एन’ हा आकडा बहुधा शंभरातून सापडलेल्या धातूंची बेरीज वजा करून काढतात. जे मोजलंच नाही ते त्यात येत नाही. ऑक्सिजन, नायट्रोजन, कार्बन तर बहुतेक वेळा वगळलेलेच असतात. म्हणून असा धातू विकत घेणाऱ्यांनी नुसत्या नऊंवर विसंबू नये. कोणती मूलद्रव्यं मोजली आणि प्रत्येकाची शोधमर्यादा किती होती, ती यादी आधी मागून घ्यावी.