दुरून पुसलेली पाटी

मंडळी, पाटी पुसायला काय लागते? एक ओले फडके आणि एक हात. पण चाळीस पाट्या पुसून सगळ्यांवर एकच धडा नव्याने लिहायचा म्हटले, तर गुरुजींचा अर्धा दिवस त्यात जातो. संगणकांच्या खोलीचेही तसेच आहे.

ऑपरेटिंग सिस्टीम हा संगणकाचा कारभारी. कळफलक, पडदा, साठवणीची डिस्क, सगळ्यांकडून तोच काम करून घेतो. काही वर्षांनी तो जुना होतो, किंवा त्यात व्हायरस शिरतो. मग त्याला पार पुसून नवा बसवावा लागतो. जिथे यंत्रे शेकड्यांनी असतात, तिथे हे काम एका जागी बसून, तारेवरून करतात. कसे, ते पाहू.

आधी यंत्राला जागे करायचे. यंत्र बंद असले तरी त्याच्या नेटवर्क कार्डाला थोडी वीज मिळत राहते. त्या कार्डाकडे एक निरोप येतो. त्यात एक ठरलेली खूण आणि पुढे त्या कार्डाचा क्रमांक ओळीने १६ वेळा असतो. आपला क्रमांक ओळखला, की कार्ड यंत्राला उठवते. उठलेले यंत्र स्वतःच्या डिस्ककडे न वळता नेटवर्कवर हाक घालते, “मला पत्ता द्या, आणि सुरुवात कुठून करू ते सांगा.” या रीतीला पीएक्सई म्हणतात. इंटेल कंपनीने ती १९९० च्या दशकाच्या अखेरीस घालून दिली. सर्व्हर, म्हणजे मुख्य यंत्र, आधी पत्ता देतो, मग एक चिमुकला प्रोग्रॅम पाठवतो. पुढची कामे यादीप्रमाणे होतात : डिस्क पुसा, तिचे भाग पाडा, नवी प्रत उतरवा, पुन्हा सुरू व्हा.

यादी हाती आली, की यंत्र ‘का’ म्हणून विचारीत नाही. अमेरिकेत अटलांटा येथील एमरी विद्यापीठाला मे २०१४ मध्ये याचा अनुभव आला. विंडोज ७ नव्याने बसवण्याचा हुकूम चुकून तिथल्या सगळ्याच विंडोज यंत्रांना गेला, सर्व्हरसुद्धा सुटले नाहीत. आणि यादीच्या आरंभीच होते डिस्क पुसण्याचे काम! चूक ध्यानात येताच हुकूम सोडणारा सर्व्हर बंद केला. पण तोवर त्याचीही डिस्क पुसली गेली होती. ज्याच्या हाती फडके, त्याचीच पाटी कोरी!

म्हणून जाणती माणसे घाई करीत नाहीत. मुलांचे काम, गुणपत्रके, दाखले यांची प्रत आधी दुसरीकडे ठेवतात, आणि ती उघडते ना, हेही पाहतात. हुकूम कोणाकोणाला जाणार, ती नावे पुन्हा वाचतात. मग एकच यंत्र पुसून पाहतात. ते नीट उठले, तरच पुढची.

तेव्हा गुरुजी, उद्या कोणी तुमच्या शाळेत येऊन म्हणाला, “सगळी यंत्रे आजच नवी करून देतो,” तर त्याला आनंदाने बसवा, चहा द्या; आणि चहा होईपर्यंत एवढेच विचारा, “पुसल्यावर यातले काय परत मिळणार नाही?”