फोर्डचा नऊ इंची ॲक्सल

१९६४ साली अमेरिकेत आलेली फोर्ड मस्टँग सगळ्यांत स्वस्तात मिळायची ती सहा सिलिंडरची. देखणी गाडी, पण इंजिन सौम्य. आज अशी गाडी हाती लागलेल्या अनेक शौकिनांचा बेत ठरलेला असतो: जुनं इंजिन उतरवायचं आणि व्ही-८ चढवायचं. मागच्या ॲक्सलची आठवण होते ती तो ओरडायला लागल्यावर.

आणि ओरडणारच! त्या गाडीला कंपनीने सव्वासात इंची डिफरन्शियल दिलेलं असतं. हा आकडा क्राउन व्हीलच्या व्यासाचा. इंजिनाचा पीळ गिअरबॉक्समध्ये वाढतो, क्राउन-पिनियनवर पुन्हा वाढतो. ४०० न्यूटन-मीटरचं इंजिन, पहिला गिअर २.७८ आणि ॲक्सलचं प्रमाण ३.५० धरलं, तर चाकांपाशी तो जवळजवळ ३,९०० होतो. हा सारा भार एका वेळी एकमेकांत अडकलेल्या मोजक्या दातांवर येतो. फोर्डने स्वतः साध्या व्ही-८ मस्टँगला आठ इंची ॲक्सल दिला आणि २७१ अश्वशक्तीच्या खास इंजिनाला नऊ इंची.

हा नऊ इंची १९५७ ते १९८६ अशी तीस वर्षं फोर्डच्या मोटारींना आणि पिकअपना लागत होता. त्याची खरी करामत पिनियनमध्ये आहे. इतर बहुतेक ॲक्सलमध्ये पिनियन दोन बेअरिंगांवर उभा असतो आणि त्याचं डोकं अधांतरी राहतं. जोर आला की ते क्राउन व्हीलपासून दूर ढकललं जातं. इथे डोक्याच्या पलीकडेही एक तिसरं बेअरिंग आहे, त्यामुळे पिनियनला हलायला जागाच नाही. शिवाय तो बराच खाली बसवलेला असल्याने दात लांबवर भिडतात. याची किंमतही आहे: दात एकमेकांवर जास्त घासतात, तेल तापतं, थोडी ताकद वाटेतच जाते.

मला मात्र त्याचं सगळ्यांत मोठं सुख दुरुस्तीचं वाटतं. दोन्ही ॲक्सल शाफ्ट ओढून घ्या, पुढचे नट सोडा, क्राउन-पिनियनसकट सबंध गाभा बाहेर येतो. तो टेबलावर ठेवून, उजेडात, निवांत जुळवता येतो. वेगळ्या प्रमाणाचा दुसरा गाभा तयार ठेवला की शर्यतीच्या मैदानावरही बदलता येतो. नॅस्कारच्या मुख्य मालिकेत २०२१ पर्यंत शेवरले आणि टोयोटाच्या गाड्याही याच धाटणीच्या ॲक्सलवर धावल्या.

तरीही सरसकट नऊ इंची घ्या, असं मी म्हणणार नाही. साधं २८९ किंवा ३०२ घनइंची इंजिन, रस्त्याचे टायर आणि रविवारची फेरी एवढंच असेल, तर आठ इंची पुरतो आणि वजनाला हलकाही पडतो. प्रमाण निवडताना तर जास्तच जपायला हवं. २६ इंची टायरवर ताशी १०० किलोमीटरला ३.०० चा ॲक्सल इंजिनाला सुमारे २,४०० फेरे मारायला लावतो, ४.११ चा ३,३०० च्या घरात नेतो. पाच गिअरचा गिअरबॉक्स असेल आणि पाचवा ०.६८ चा, तर ३.५५ घेऊनही इंजिन दोन हजारांच्या खाली शांत राहतं. मी हीच जोडी घेईन.

रुंदी मोजल्याशिवाय पैसे देऊ नयेत. १९६५-६६ च्या मस्टँगला चाकाच्या बैठकीपासून बैठकीपर्यंत सव्वासत्तावन्न इंच लागतात. १९६७ च्या गाडीचा ॲक्सल दोन इंच रुंद, त्यावर टायर मडगार्डला घासू शकतो. सहा सिलिंडरच्या गाडीची चाकं चार नटांची, हे ॲक्सल पाच नटांचे. म्हणजे पुढचे हबही बदलणं आलं.

भंगाराच्या आवारात ओळख पटवायची तर सॉकेट न्यावा. गाभ्याच्या तळाच्या दोन नटांवर तो सरळ बसला नाही, पानाच लावावा लागला, तर ॲक्सल नऊ इंची. एखाद्या नटाखाली पत्र्याची चकती असते. तिच्यावर ‘३एल५०’ उमटलेलं असेल तर प्रमाण ३.५० आणि डिफरन्शियल लॉकिंग जातीचं. चकती हरवली असेल आणि डिफरन्शियल साधं असेल, तर एक चाक घट्ट धरायचं, दुसरं बरोबर दोन फेरे फिरवायचं आणि पिनियनच्या तोंडावर खडूची खूण करून त्याचे फेरे मोजायचे. साडेतीन भरले की ३.५०.